पिस्तुलाचा हक्क आणि गावाचा अधिकार

२६ जून २००८ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘डिस्ट्रिक्ट ऑफ कोलंबिया विरुद्ध हेलर’ या खटल्याचा निकाल दिला आणि राजधानी वॉशिंग्टनमध्ये तीन दशकांहून अधिक काळ लागू असलेली पिस्तूलबंदी पाच विरुद्ध चार मतांनी रद्द झाली. स्वतःच्या घरात, स्वसंरक्षणासाठी पिस्तूल बाळगणे हा नागरिकाचा वैयक्तिक घटनात्मक हक्क आहे, असे या न्यायालयाने प्रथमच निःसंदिग्धपणे म्हटले. ज्या दुसऱ्या घटनादुरुस्तीच्या आधारे म्हटले, ती १७९१ सालची. निकाल बाहेर पडताच वॉशिंग्टनचे महापौर एड्रियन फेन्टी यांनी बजावले की शहरात पिस्तुले वाढली की पिस्तुलांची हिंसाही वाढणार. शिकागोचे महापौर रिचर्ड डेली यांना निकाल भयावह वाटला. राष्ट्राध्यक्ष बुश यांनी त्याचे स्वागत केले. त्या वर्षी राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे असलेले जॉन मॅकेन यांनी तो उचलून धरला, तर बराक ओबामा यांनी हक्क मान्य करून शहरांच्या सुरक्षिततेची गरजही सोबत बोलून दाखवली. या साऱ्या गदारोळात दोन्ही बाजूंनी इतिहासाला साक्षीला बोलावले होते. समर्थक म्हणत होते, हिरावलेला जुना हक्क परत मिळाला. विरोधक म्हणत होते, न्यायालयाने नसलेला हक्क निर्माण केला. दस्तऐवज पाहिले तर दोघांचीही साक्ष अर्धवट ठरते. अमेरिकेत घरात शस्त्र ठेवणे जुने आहे आणि त्या शस्त्राला गावाने, शहराने, राज्याने वेसण घालणेही तितकेच जुने आहे. २००८ साली नवे घडले ते वेगळेच. या दोहोंमधला तोल कुठे साधायचा हे ठरवण्याचे काम निवडून आलेल्या लोकांच्या हातून निघाले आणि न्यायमूर्तींच्या इतिहासवाचनावर अवलंबून राहिले. निकालाची खरी किंमत या बदलात आहे, असे माझे म्हणणे आहे.

सुरुवात अठराव्या शतकापासून करावी लागते, कारण निकालपत्रही तिथूनच सुरू होते. दुसऱ्या दुरुस्तीचे एकच वाक्य आहे आणि त्याला दोन अंगे आहेत. पहिले अंग सांगते की स्वतंत्र राज्याच्या सुरक्षिततेसाठी सुनियंत्रित मिलिशिया आवश्यक आहे. दुसरे सांगते की शस्त्रे बाळगण्याच्या लोकांच्या हक्काला बाधा आणता येणार नाही. मिलिशिया म्हणजे पगारी सैन्य नव्हे. गावोगावचे धडधाकट पुरुष ठरल्या दिवशी आपापली बंदूक घेऊन कवायतीला जमत, ती ही फौज. इंग्लंडच्या राजाच्या खड्या सैन्याचा अनुभव ताजा असल्याने नव्या प्रजासत्ताकाला असे सैन्य धोक्याचे वाटे आणि मिलिशिया भरवशाची. १७९२च्या मिलिशिया कायद्याने १८ ते ४५ वयाच्या प्रत्येक गोऱ्या पुरुषावर स्वखर्चाने मस्केट बंदूक, संगीन आणि दारूगोळा घेण्याची सक्ती केली. घोडदळातल्या शिपायाला पिस्तुलांची जोडीही आणावी लागे. म्हणजे शस्त्र घरात होते, खासगी मालकीचे होते, पण ते कोणते असावे आणि घेऊन कधी हजर व्हावे हे सरकार सांगत होते. त्याच काळात बॉस्टनने १७८३ साली भरलेली बंदूक इमारतीत नेण्यास मनाई केली होती, कारण आग लागली तर विझवायला धावणाऱ्यांच्या जिवावर बेतायचे. हक्क आणि नियमन एकमेकांचे वैरी आहेत ही कल्पना त्या पिढीला परकी वाटली असती.

पिस्तुलाचा प्रश्न वेगळा झाला तो एकोणिसाव्या शतकात, आणि त्याचे कारण सरळ होते: ते लपवता येते. लांब बंदूक खांद्यावर दिसते, पिस्तूल कोटाच्या आत राहते. दक्षिणेकडील आणि सरहद्दीवरील राज्यांत मानापमानावरून होणाऱ्या खुनांनी लोक हैराण झाले, तेव्हा १८१३ साली केंटकी आणि लुइझियाना या राज्यांनी शस्त्र लपवून बाळगण्यावर बंदी घातली. पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत इंडियाना, टेनेसी, व्हर्जिनिया, अलाबामा ही राज्ये त्याच वाटेने गेली. केंटकीतला पुढचा प्रसंग आजच्या वादाच्या दृष्टीने सर्वांत बोलका आहे. काठीत लपवलेली तलवार बाळगल्याबद्दल ब्लिस नावाच्या माणसाला शिक्षा झाली. तो वरच्या न्यायालयात गेला आणि १८२२ साली तिथल्या न्यायमूर्तींनी राज्याच्या घटनेतील शस्त्रहक्काचा आधार घेऊन बंदीचा कायदाच रद्द केला. म्हणजे खासगी शस्त्राच्या बाजूने लागलेला निकाल आणि त्यावरची प्रतिक्रिया ही गोष्ट हेलरच्या जवळजवळ दोन शतके आधी घडून गेलेली आहे. तेव्हाची प्रतिक्रिया काय होती? केंटकीच्या लोकांनी घटना बदलली. १८५०च्या नव्या राज्यघटनेत शस्त्रहक्क कायम राहिला आणि त्याला जोडूनच, लपवून शस्त्र बाळगण्यास प्रतिबंध करण्याचा अधिकार विधिमंडळाला देण्यात आला. न्यायालयाने आपले म्हणणे मांडले आणि अखेरचा शब्द लोकांचा राहिला.

इतर राज्यांतल्या न्यायालयांनीही एकच सूर लावला नव्हता. आर्कान्सासच्या न्यायालयाने १८४२ साली लपवून शस्त्र बाळगण्यावरील बंदी मान्य केली. जॉर्जियाच्या न्यायालयाने १८४६ साली त्या राज्याचा १८३७चा कायदा लपवलेल्या शस्त्रांपुरता उचलून धरला आणि उघडपणे बाळगण्याच्या बाबतीत रद्द केला. न्यायमूर्ती अँटोनिन स्कॅलिया यांनी २००८च्या बहुमताच्या निकालपत्रात जॉर्जियाच्या या निकालावर बराच भर दिला. तो खराच आहे. पण त्याच शतकातला आर्कान्सासचा निकाल आणि केंटकीची घटनादुरुस्तीही खरी आहे. इतिहासातून एकच परंपरा उचलायची म्हटली तर उचलणाऱ्याचा हात दिसल्याशिवाय राहत नाही.

यादवी युद्धानंतर कोल्टची रिव्हॉल्व्हर घराघरांत पोचली आणि तिच्याबरोबर निर्बंधही पसरले. सिनेमांनी ज्या पश्चिमेकडच्या गावांना मोकाट गोळीबाराची गावे म्हणून प्रसिद्धी दिली, तिथेच हे निर्बंध कडक होते. ॲरिझोनातल्या टूमस्टोन गावात शिरणाऱ्याने शस्त्र जमा करावे असा गावाचा नियम होता, आणि २६ ऑक्टोबर १८८१ रोजी ओ. के. कोरलजवळ झालेल्या प्रसिद्ध चकमकीला तो मोडल्याचे निमित्त होते. टेक्साससारख्या राज्याने १८७१ साली सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल बाळगण्यावर व्यापक बंदी आणली. न्यूयॉर्कने १९११ साली सलिव्हन कायदा करून लपवता येण्याजोग्या शस्त्रांसाठी परवाना बंधनकारक केला. १९३४ साली गुंडांच्या टोळ्यांना आवर घालण्यासाठी केंद्राने नॅशनल फायरआर्म्स कायदा आणला. त्यावरील सुनावणीत नॅशनल रायफल असोसिएशनचे तत्कालीन अध्यक्ष कार्ल फ्रेडरिक यांनी सांगितले की सरसकट सर्वांनी पिस्तूल घेऊन हिंडावे हे त्यांना मान्य नाही, त्यावर कडक निर्बंध आणि परवाना हवा. ज्या संस्थेला आज जग शस्त्रहक्काची कट्टर पहारेकरी म्हणून ओळखते, तिची ही साक्ष आहे. १९३९च्या मिलर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नळी कापून आखूड केलेल्या शॉटगनवरील निर्बंध मान्य केले. मिलिशियाशी अशा शस्त्राचा संबंध दाखवला गेलेला नाही, हे त्याचे कारण. पुढे जवळपास सत्तर वर्षे खालची न्यायालये या निकालाच्या आधारे शस्त्रकायदे टिकवत राहिली.

मग हवा बदलली कशी? १९६८ साली मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांच्या हत्यांनंतर केंद्राने गन कंट्रोल कायदा केला आणि त्याविरुद्धची चीड शस्त्रधारकांमध्ये साचत गेली. १९७७ साली सिनसिनाटीतल्या वार्षिक सभेत रायफल असोसिएशनच्या कडव्या सभासदांनी जुन्या नेतृत्वाला बाजूला सारले. नेमबाजी आणि शिकार हे मूळ काम असलेली संस्था त्या रात्रीपासून राजकीय संघटना झाली. तिने दुसऱ्या दुरुस्तीचे पहिले अंग झाकले आणि दुसरे जपमाळेसारखे लोकांच्या तोंडी घातले. निवृत्त सरन्यायाधीश वॉरेन बर्गर यांनी १९९१ साली दूरचित्रवाणीवरील मुलाखतीत या अन्वयार्थाला जनतेची फसवणूक म्हटले. बर्गर यांची नेमणूक रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी केलेली होती, हे लक्षात घ्यायला हवे. पण सगळे श्रेय वा दोष संघटनेच्या पदरात टाकणेही बरोबर नाही. सॅनफोर्ड लेव्हिन्सन या उदारमतवादी घटनातज्ज्ञाने १९८९ साली येल विद्यापीठाच्या कायदेविषयक नियतकालिकात लिहिले की दुसऱ्या दुरुस्तीकडे पाहणे टाळण्याची सवय आपल्याच गटाला लागली आहे, तिचा मजकूर गांभीर्याने घ्यायला हवा. म्हणजे वैयक्तिक हक्काचा अर्थ केवळ प्रचारातून आला नव्हता, त्याच्या मागे अभ्यासही उभा राहत होता.

याच काळात वॉशिंग्टन शहराने आपला मार्ग धरला होता. हे शहर कोणत्याही राज्यात नाही. त्याचा कारभार दीर्घकाळ थेट अमेरिकेच्या संसदेच्या, म्हणजे काँग्रेसच्या, हाती होता. १९७३च्या होम रूल कायद्याने त्याला निवडून दिलेले महापौर आणि परिषद मिळाली. सुमारे ७० टक्के कृष्णवर्णीय लोकसंख्येच्या या शहराने मिळालेला अधिकार वापरून केलेल्या पहिल्या मोठ्या कायद्यांपैकी एक म्हणजे १९७६ साली लागू झालेला शस्त्रनियंत्रण कायदा. आधी नोंदलेली पिस्तुले ठेवता येतील, नवी नोंदणी होणार नाही; रायफल आणि शॉटगन घरात असल्या तरी त्या रिकाम्या आणि सुट्या किंवा कुलूपबंद असाव्यात, असा तो कायदा. १९८१ साली इलिनॉयमधल्या मॉर्टन ग्रोव्ह या छोट्या गावाने पिस्तूलबंदी केली. त्यावर उत्तर म्हणून १९८२ साली जॉर्जियातल्या केनेसॉ गावाने प्रत्येक कुटुंबप्रमुखाने घरात बंदूक ठेवावी असा ठराव केला, अर्थात ज्यांच्या श्रद्धेला ते पटत नाही त्यांना वगळून. त्याच वर्षी शिकागोने नव्या पिस्तुलांची नोंदणी थांबवली. एकाच देशात एक गाव पिस्तूल घराबाहेर काढत होते, दुसरे ते घरात आणा म्हणत होते, आणि दोन्ही ठिकाणी हे तिथल्या लोकांनी निवडून दिलेली माणसे ठरवत होती. यात विसंगती वाटेल, पण शिकारीच्या रानाजवळचे गाव आणि दाट वस्तीचे महानगर यांना एकच नियम लावण्यात कोणते शहाणपण आहे?

वॉशिंग्टनच्या कायद्याला आव्हान मिळाले तेही रायफल असोसिएशनकडून नव्हे. केटो इन्स्टिट्यूट या वैचारिक संस्थेचे रॉबर्ट लेव्ही यांनी पदरचे पैसे घालून खटला उभा केला. त्यांच्याकडे स्वतःची एकही बंदूक नव्हती. ॲलन ग्युरा या तरुण वकिलाने बाजू मांडली. २००३ साली सहा याचिकाकर्ते निवडले गेले, आणि निवडताना वय, वर्ण, स्त्री-पुरुष यांचा तोल पाहिला गेला. असोसिएशनला उलट भीती होती की सर्वोच्च न्यायालयात पराभव झाला तर सगळेच हातचे जाईल, म्हणून तिने आधी या खटल्याच्या वाटेत अडथळेच आणले. अपील न्यायालयाने २००७ साली दोन विरुद्ध एक मतांनी कायदा रद्द केला, पण सहापैकी फक्त डिक हेलर यांचीच याचिका दाखल होण्यायोग्य ठरवली, कारण पिस्तुलाच्या नोंदणीचा अर्ज करून नकार मिळवलेले ते एकटेच होते. हेलर विशेष पोलीस म्हणून एका सरकारी इमारतीच्या पहाऱ्यावर असत. कामावर त्यांच्या कमरेला पिस्तूल असे. घरी ते ठेवण्याची परवानगी नव्हती. वकिलाला यापेक्षा सोयीचा अशील मिळणे कठीण.

सर्वोच्च न्यायालयात तीन निकालपत्रे लिहिली गेली आणि तिन्ही इतिहासाने भरलेली आहेत. स्कॅलिया यांनी मिलिशियाचा उल्लेख प्रस्तावनेपुरता मानला आणि १६८९च्या इंग्रजी हक्कनाम्यापासून हक्काची रेषा ओढली. पिस्तूल हेच घरच्या संरक्षणाचे आवडते शस्त्र का, याची व्यवहारी कारणेही दिली: ते चटकन हाताशी येते, चोराला ते हिसकावणे अवघड जाते, एका हाताने ते रोखून दुसऱ्या हाताने पोलिसांना फोन करता येतो. न्यायमूर्ती जॉन पॉल स्टीव्हन्स यांनी त्याच कागदांतून मिलिशियाचा अर्थ काढून विरोधी मत लिहिले. न्यायमूर्ती स्टीफन ब्रायर यांचे दुसरे विरोधी मत मात्र या दोघांपेक्षा वेगळ्या जमिनीवर उभे आहे. हक्क वैयक्तिक आहे असे क्षणभर धरून चालू, असे म्हणून ते विचारतात की शहरातल्या पिस्तुलांच्या हिंसेवर उपाय शोधताना नगर परिषदेने घेतलेला निर्णय वाजवी होता की नाही. त्यांनी दोन्ही बाजूंचे अभ्यास समोर मांडले आणि दाखवले की तज्ज्ञांचेच एकमत नाही. जिथे पुरावा असा दुभंगलेला आहे तिथे निवड लोकप्रतिनिधींनी करावी. २००८च्या सगळ्या लिखाणात केंटकीच्या १८५०च्या परंपरेला सर्वांत जवळचे हे म्हणणे आहे.

निकालावरच्या प्रतिक्रियांमध्ये मला सर्वाधिक वजनदार वाटतात त्या राजकारण्यांच्या नव्हेत, दोन न्यायाधीशांच्या. जे. हार्वी विल्किन्सन आणि रिचर्ड पॉझ्नर हे दोघेही राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी नेमलेले, दोघेही पुराणमतवादी गटात गणले जाणारे. विल्किन्सन यांनी व्हर्जिनिया विद्यापीठाच्या नियतकालिकात लिहिले की गर्भपाताचा हक्क घटनेत वाचणाऱ्या १९७३च्या रो निकालाला आपण ज्या कारणासाठी नावे ठेवली, तेच इथे घडले आहे: मजकूर संदिग्ध असताना न्यायालयाने एक बाजू निवडली आणि प्रश्न लोकशाहीच्या हातून काढून घेतला. पॉझ्नर यांनी निकालाच्या इतिहासाला वकिली इतिहास ठरवले. आपल्याच गटाचा विजय झाला असताना त्याच्या पद्धतीवर बोट ठेवायला धैर्य लागते. शहरांची प्रतिक्रिया अधिक व्यावहारिक होती. मॉर्टन ग्रोव्हने महिन्याभरात आपली सत्तावीस वर्षांची बंदी मागे घेतली. वॉशिंग्टनने तातडीचे नवे नियम केले आणि हेलर यांना शेवटी एका रिव्हॉल्व्हरची नोंदणी मिळाली. शिकागो अडून राहिले. २८ जून २०१० रोजी मॅक्डोनल्ड खटल्यात न्यायालयाने, पुन्हा पाच विरुद्ध चार मतांनी, हा हक्क राज्यांवर आणि शहरांवरही बंधनकारक ठरवला, तेव्हा तिथल्या परिषदेने चार दिवसांत नवा नियम आणला, त्यातली कलमे पुन्हा न्यायालयात गेली आणि हा पाठशिवणीचा खेळ चालूच राहिला.

शस्त्राच्या मर्यादा लोकप्रतिनिधींनी ठरवाव्यात या माझ्या युक्तिवादावर पहिला आक्षेप सर्वांत गंभीर आहे. बहुमताच्या मर्जीवर सोडायचा असेल तर त्याला हक्क कशाला म्हणायचे? आणि शस्त्राच्या बाबतीत बहुमताची मर्जी काय असते ते अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांना विचारावे. यादवी युद्ध संपताच १८६५ साली मिसिसिपीने मुक्त झालेल्या गुलामांना परवान्याविना बंदूक बाळगण्यास बंदी केली. १८७३ साली लुइझियानातल्या कोलफॅक्स इथे गोऱ्यांच्या सशस्त्र जमावाने कृष्णवर्णीयांची कत्तल केली, आणि १८७६च्या क्रूकशँक निकालात सर्वोच्च न्यायालयाने दुसरी दुरुस्ती केवळ केंद्र सरकारला बांधते असे सांगून हात झटकले. घरावर बॉम्ब पडल्यानंतर १९५६ साली खुद्द मार्टिन ल्यूथर किंग यांनी पिस्तूल बाळगण्याचा परवाना मागितला आणि अलाबामात तो नाकारला गेला. मॅक्डोनल्ड खटल्यातले मुख्य याचिकाकर्ते ओटिस मॅक्डोनल्ड हे शिकागोतले वृद्ध कृष्णवर्णीय गृहस्थ होते आणि न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांनी आपल्या निकालपत्रात हाच इतिहास विस्ताराने मांडला. हा इतिहास नाकारता येत नाही. पण तो नेमके काय सिद्ध करतो? मिसिसिपीच्या कायद्यातला अन्याय पिस्तुलावर नियम होता यात नव्हता. तो नियम वर्ण पाहून लावला होता यात होता. त्यावरचे उत्तर चौदाव्या दुरुस्तीच्या समान संरक्षणात आहे. आणि १९७६चा वॉशिंग्टनचा कायदा तर कृष्णवर्णीय बहुसंख्येच्या शहराने स्वतःसाठी केलेला होता. शेली पार्कर ही त्याला आव्हान देणारी कृष्णवर्णीय स्त्री आणि तो कायदा करणारी परिषद, दोघीही एकाच शहरातल्या भयाला दोन उत्तरे देत होत्या.

विषमतेचा राग आणि शस्त्राचा हक्क यांची अशी गुंतागुंत भारतालाही माहीत आहे. १८७८च्या शस्त्र कायद्याने भारतीयांना परवान्याच्या जाळ्यात अडकवले आणि युरोपियनांना सूट दिली. तो अपमान राष्ट्रीय सभेने वर्षानुवर्षे बोलून दाखवला. १९३१च्या कराची ठरावात मूलभूत हक्कांच्या यादीत, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही घातला गेला. डिसेंबर १९४८ मध्ये मध्य प्रांत आणि वऱ्हाडातून आलेल्या ह. वि. कामत यांनी संविधान सभेत तो हक्क राज्यघटनेत आणण्याची दुरुस्ती मांडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिला विरोध केला. वाटेल त्याला बाजारात जाऊन वाटेल ते शस्त्र विकत घेता आले तर राज्यकारभार कसा चालेल हे कल्पनेत येत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. दुरुस्ती फेटाळली गेली. विषमतेचा भाग राज्यघटनेच्या समतेने संपला, शस्त्राचा भाग संसदेकडे राहिला आणि १९५९ साली नवा शस्त्र कायदा झाला. समतेचा प्रश्न आणि शस्त्राचा प्रश्न वेगळे काढता येतात, याचे हे उदाहरण आहे.

दुसरा आक्षेप आकड्यांचा. बंदी असताना वॉशिंग्टन देशातल्या सर्वांत रक्तरंजित शहरांपैकी एक झाले. १९९१ साली तिथे ४८२ खून झाले. मग त्या कायद्याचा उपयोग काय? याला दोन उत्तरे आहेत. त्या वर्षांत क्रॅक कोकेनच्या टोळीयुद्धाने शहर पोखरले होते आणि पोटोमॅक नदीचा पूल ओलांडला की व्हर्जिनियात बंदूक विकत मिळत होती. एका शहराची बंदी शेजारच्या राज्याच्या दुकानापुढे दुबळी पडते. दुसरे, १९९१ सालीच न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या अभ्यासाला कायद्यानंतरच्या वर्षांत बंदुकीने झालेल्या खुनांत आणि आत्महत्यांत सुमारे एकचतुर्थांश घट आढळली होती. त्या अभ्यासावर पुढे जोरदार टीकाही झाली. उलट बाजूने पाहिले तर फेन्टी यांचे भाकीतही खरे ठरले नाही. निकालाच्या वर्षी १८६ खून झाले, २०१२ साली ८८. पुढे ते पुन्हा वाढून २०२३ साली २७४ झाले. या चढउतारांतून कोणत्याही बाजूने विजयाची पताका फडकावणे अप्रामाणिक ठरेल. पुरावा इतका धूसर असेल तर निर्णय बदलता येईल अशा ठिकाणी तो राहू देणे शहाणपणाचे. कायदा फसला तर पुढच्या निवडणुकीत तो बदलता येतो. वॉशिंग्टनच्या बाबतीत तर काँग्रेसलाही तो कधीही रद्द करता आला असता, आणि २००४ साली प्रतिनिधिगृहाने तसे विधेयक मंजूरही केले होते. घटनात्मक हक्काचा अन्वयार्थ फसला तर काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांत दोनतृतीयांश आणि राज्यांपैकी तीनचतुर्थांश एवढे बहुमत जमवावे लागते.

इथे एक गोष्ट मान्य केली पाहिजे. एकोणिसाव्या शतकातले बहुतेक निर्बंध घराबाहेर पिस्तूल बाळगण्यावर होते. घरातल्या पिस्तुलावर सरसकट बंदी घालणारा वॉशिंग्टनसारखा कायदा इतिहासात विरळाच. स्कॅलिया यांच्या निकालपत्राचा हा सर्वांत भक्कम भाग आहे. त्यांनी हेही लिहिले होते की हक्क अमर्याद नाही; गुन्हेगार आणि मनोरुग्णांवरील निर्बंध, शाळा आणि सरकारी इमारतींतली बंदी, विक्रीच्या अटी यांना धक्का लागत नाही. त्यामुळे तिसरा आक्षेप असा येतो की निकाल इतका मर्यादित होता, तर एवढा बाऊ कशाला? पहिल्या दशकात तसे वाटतही होते. खालच्या न्यायालयांत हजाराहून अधिक आव्हाने आली आणि बहुसंख्य फेटाळली गेली. पण एकदा निर्णयाची जागा बदलली की तिथे बसणारी माणसे बदलल्यावर निर्णयही बदलतो. २३ जून २०२२ रोजी ब्रुएन खटल्यात सहा विरुद्ध तीन मतांनी न्यूयॉर्कच्या जुन्या परवाना कायद्यातली, घराबाहेर पिस्तूल बाळगण्यासाठी खास कारण दाखवण्याची अट पडली, आणि थॉमस यांनी नवी कसोटी घातली: आजच्या शस्त्रनियमाला जुन्या काळात साधर्म्य सापडले पाहिजे. तिचे फळ लगेच दिसले. घरगुती हिंसेमुळे न्यायालयाने मनाईहुकूम बजावलेल्या माणसाकडून बंदूक काढून घेणारा केंद्रीय कायदा एका अपील न्यायालयाने रद्द केला, कारण अठराव्या शतकात असा कायदा नव्हता. बायकोला मारहाण हा गुन्हाच न मानणाऱ्या काळात तो सापडणार तरी कसा? २१ जून २०२४ रोजी रहिमी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला आठ विरुद्ध एक मतांनी ते सावरून घ्यावे लागले, आणि विरोधात उरलेले एकटे न्यायमूर्ती होते कसोटीचे लेखक थॉमस.

ही कसोटी इतिहासाचाही आदर करत नाही, हा माझा शेवटचा मुद्दा. इतिहास पाहावा तो आधीच्या पिढ्यांनी आपापल्या अडचणींना कसे तोंड दिले हे समजण्यासाठी. बॉस्टनने आगीचा विचार केला, केंटकीने खुनांचा, टूमस्टोनने दारू पिऊन गावात शिरणाऱ्या गुराख्यांचा. प्रत्येकाने समोरचा धोका पाहून नियम केला. आपल्या आधीच्या शतकात तसा नियम होता का, हे विचारायला कोणी थांबले नाही. त्यांच्यासारखे वागायचे तर आजच्या शहरांनीही आजचा धोका पाहून नियम करायला हवेत. ब्रुएनची कसोटी मात्र त्यांनी केलेल्या नियमांची यादी जपते आणि नियम करण्याचा त्यांचा अधिकार आजच्या लोकांना नाकारते. स्टीव्हन्स यांनी २०१८ साली, निवृत्तीनंतर, दुसरी दुरुस्तीच रद्द करावी असे सुचवले. ते राजकीयदृष्ट्या अशक्यप्राय आहे आणि गरजेचेही नाही. घरात पिस्तूल ठेवण्याचा हक्क मान्य करूनही त्याच्या मर्यादा लोकांनी निवडलेल्या सभागृहात ठरू शकतात. १८५० साली केंटकीने हेच केले. २००८च्या निकालाचा दोष त्याने हक्क मान्य केला हा नाही. मर्यादा घालण्याचा लोकांचा अधिकारही तितकाच जुना आहे, हे त्याने पुरेसे मान्य केले नाही, हा त्याचा दोष आहे.